८०० रुपयांत सात रात्रींची जेवणं: आधी गुरुवारचं ठरवा

आठवड्याचं जेवण ठरवायला बसलं की बहुतेक जण वहीत पहिला 'सोमवार' लिहितात. पहिला गुरुवार लिहावा. रविवारी आणलेली भाजी बुधवारपर्यंत एकतर संपलेली असते, नाहीतर तिनं मान टाकलेली असते. पुढचा बाजार अजून तीन दिवस लांब. घरातली माणसं आठवड्याला कंटाळलेली. 'आज राहू दे, काहीतरी आणू बाहेरून' हे याच दिवशी निघतं. मोठं काही मागवणं सोडा, कोपऱ्यावरून नुसते आठ वडापाव आणले तरी २० रुपयांच्या हिशेबानं १६० रुपये जातात. सात रात्रींसाठी ८०० रुपये बाजूला काढले असतील, तर त्यातला पाचवा हिस्सा एका संध्याकाळी गेला. आणि तासाभरानं मुलं 'भूक लागली' म्हणत परत येतात ते वेगळंच.

म्हणून गुरुवारच्या रकान्यात असा पदार्थ आधी लिहून टाकायचा, ज्यासाठी भाजीची टोपली बघावी लागत नाही आणि जो अर्ध्या-पाऊण तासात ताटात येतो. देशावर पिठलं-भाकरी, कोकणात कुळथाची पिठी आणि भात, आणखी कुठे वरणफळं. तुमच्या घरात जो चालतो तो. बाकीचे सहा दिवस त्याच्या अवतीभवती बसवायचे.

पुढचं गणित चार माणसांचं आहे: दोन मोठी, दोन शाळेत जाणारी मुलं. फक्त रात्रीचं जेवण. गॅस धरलेला नाही. भाव हिवाळ्यात पुण्या-नाशकाकडच्या आठवडी बाजारात आणि वाण्याकडे साधारण जमतील असे गोल धरलेत, तुमच्याकडे इकडेतिकडे होतील. भाव बदलतात, मापं बदलत नाहीत. तेव्हा मापं पक्की लिहून ठेवा आणि भाव दर महिन्याला खोडून नवे घाला.

हिशेब

ज्वारीचं पीठ १ किलो, दळणासकट ५७ रुपये. गव्हाचं पीठ १ किलो ८०० ग्रॅम, दळणासकट किलोला ४२ धरून ७६. तांदूळ १ किलो, ५५. धान्याचे झाले १८८.

तूरडाळ पाव किलो ३५, मूगडाळ २०० ग्रॅम २४, मटकी २०० ग्रॅम २४, बेसन १२५ ग्रॅम १२. हे ९५. अंडी सहा, ४२. शेंगदाणे २०० ग्रॅम २८, सुकं खोबरं ५० ग्रॅम १६, तेल पाव लिटर ३८, म्हणजे ८२.

भाजी: मेथीच्या दोन जुड्या ३०, पालक एक जुडी १५, वांगी अर्धा किलो २५, बटाटे १ किलो ३०, कांदे दीड किलो ४५, टोमॅटो अर्धा किलो १५, पाऊण किलोचा कोबीचा गड्डा २५, मिरच्या-कोथिंबीर-आलं-लसूण मिळून ४०, लिंबं १०. एकूण २३५. अर्धा लिटर दूध ३०, पापड १५. मीठ, मसाले, गूळ, चिंच, आमसूल यांचा आठवड्याचा वाटा ४०.

बेरीज ७२७. उरलेले ७३ रुपये रविवारीच खर्चून टाकायचे नाहीत. त्यांचं काम शेवटी सांगते.

या यादीत पनीर नाही, बाहेरचा ब्रेड नाही, तयार मसाल्याची पाकिटं नाहीत. तत्त्व वगैरे काही नाही. पाव किलो पनीर म्हणजे साधारण एवढ्याच माणसांच्या तीन रात्रींच्या डाळी-कडधान्याचे पैसे, म्हणून ते यादीत नाही. तेलाचं मात्र लक्षात ठेवा. पाव लिटर म्हणजे दिवसाला जेमतेम ३५ मिली, पोह्यांच्या चमच्यानं सात चमचे. किटलीतून थेट कढईत ओतायची सवय असेल तर तेल पाचव्या दिवशी संपतं. रविवारीच पाव लिटर मोजून वेगळ्या बाटलीत काढा, हात आपोआप आखडतो.

बाजारात

संध्याकाळी उठता बाजार स्वस्त असतो हे खरं, पण सगळ्याच भाजीसाठी नाही. त्याच रात्री शिजवायची मेथी उठत्या बाजारातली, थोडी सुकलेली चालते. कढईत ती नाहीतरी बसणारच आहे. सोमवारचा पालक मात्र ताजाच हवा. दमलेला पालक दुसऱ्या दिवशी काळा पडतो. कांदे-बटाटे कधीही घ्या. 'वाटा' घेताना वरचे चार नग बघून फसू नका, खालचा थर हातानं उलटून बघा. वांगी आकाराच्या मानानं हलकी आणि हिरव्या देठाची घ्यायची. जड वांगं बहुतेकदा जून आणि बियांचं निघतं. कोबीचं उलट: हातात जड लागेल तोच गड्डा घट्ट. शीतगृहातला बटाटा गोड लागतो आणि रश्शाची चव बिघडवतो, तेव्हा बटाटा कुठला हे एकदा विचारावं.

घरी आल्यावर पालेभाजी धुऊन फ्रिजमध्ये ठेवण्याची चूक फार घरांत होते. ओली पालेभाजी दुसऱ्या दिवशी चिकट होते. मुळं कापा, पिवळी पानं काढा, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. धुवायची ती चिरण्याआधी.

क्रम भाजीच्या आयुष्याचा

आवडीनिवडी नंतर. आधी जे लवकर मरतं ते लवकर शिजवायचं. मेथी रविवारी, पालक सोमवारी, वांगी मंगळवारी. बुधवारी मोड आलेली मटकी, कारण तिला सोमवारपासून वेळ मिळतो. गुरुवारी पिठलं. शुक्रवारी अंडी, शनिवारी खिचडी. कोबी आणि बटाटे तोवर खुशाल टिकतात. अंडी शुक्रवारी ठेवण्यात सोयही आहे. बऱ्याच घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार अंडं चालत नाही, आणि बुधवारी मोडांची पाळी आहे.

रविवारी पाव किलो तूरडाळ एकदमच शिजवायची. अर्धा तास भिजवून, तिप्पट पाण्यात, हळद, हिंग आणि अर्धा चमचा तेल घालून. चार शिट्ट्या, मग पाच मिनिटं बारीक गॅसवर. त्याच कुकरमध्ये दुसऱ्या डब्यात २०० ग्रॅम तांदूळ. डाळ घोटली की निम्म्याहून थोडी कमी काढून त्यात मीठ, गुळाचा खडा, पातळसर वरण. उरलेली डाळ मीठ-फोडणी काही न घालता, गार झाली की स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये. ओट्यावर राहिली तर उन्हाळ्यात सकाळपर्यंत तिच्यावर फेस येतो, आणि मग उकळूनही तो वास जात नाही.

डाळ शिजतच नाही अशी तक्रार असेल तर कारणं तीन. डाळ जुनी, पाणी बोअरचं जड, किंवा चिंच-टोमॅटो आधीच घातलेला. आंबट पडलं की डाळ आणि कडधान्य मऊ व्हायला फार वेळ घेतात. जुन्या डाळीला तासभर कोमट पाण्यात भिजत ठेवणं आणि शिजताना चिमूटभर सोडा एवढा उपाय पुरतो. चिमूट म्हणजे चिमूटच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

मेथीच्या दोन जुड्या निवडल्यावर कढईत टाकताना डोंगर दिसतो आणि पाच मिनिटांत मूठभर उरतो. चौघांना पुरवायची तर ५० ग्रॅम मूगडाळ तासभर भिजवून फोडणीत आधी परतायची, वाफ काढायची आणि मग मेथी. वरून दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट. मीठ मेथी बसल्यावरच. डोंगराच्या अंदाजानं घातलं तर भाजी खारट होते. बरोबर पाच भाकऱ्या.

भाकरी तुटते, थापताना कडा फाटतात, यात हाताचा दोष क्वचितच असतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. ज्वारी एका वेळी दोन किलोच्या वर दळून आणू नये. पंधरा दिवसांच्या पिठाला आधणाचं पाणी घालून, झाकून, कोमट झाल्यावर मळलं तर वेळ निभावते. एका भाकरीला साधारण ८० ग्रॅम पीठ धरा.

सोमवारचं सोपं आहे. फ्रिजमधली डाळ, पालकाची जुडी देठांसकट बारीक चिरून, दोन टोमॅटो, लसणाची चरचरीत फोडणी. अकरा पोळ्या, पाव किलो तांदळाचा भात. पालकाची देठं फेकू नका, डाळीत ती विरघळून जातात. जेवण झाल्यावर, भांडी घासायच्या आधी, मटकी भिजत घालायची. ही एक गोष्ट विसरली तर बुधवार कोसळतो, म्हणून मटकीचा डबा सकाळपासूनच ओट्यावर काढून ठेवावा.

मंगळवारचं वाटण

आठवड्यातली सगळ्यात जास्त मेहनत या दिवशी आहे, पण ती दोन रात्रींची आहे. वाटण एकदाच करायचं: निम्मं आज वांग्या-बटाट्याच्या रश्शाला, निम्मं शुक्रवारी अंड्यांना.

तीन मध्यम कांदे, सुमारे ३०० ग्रॅम, उभे पातळ चिरून दोन चमचे तेलात भाजायचे. गुलाबी झाले की झालं असं समजून पुष्कळ जण गॅस बंद करतात. गुलाबी कांद्याचं वाटण गोड लागतं आणि दोन दिवसांत आंबतं, कारण कांद्यातलं पाणी तसंच असतं. तपकिरी होऊन निम्म्यावर येईपर्यंत परतायचा. बारीक-मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तरी लागतात. खोबरं ५० ग्रॅम, किसून, वेगळं आणि शेवटी, कोरड्या कढईत. ते दोन मिनिटांत लालसर होतं आणि तिसऱ्या मिनिटाला जळतं. जळकं खोबरं अख्ख्या रश्शाला कडू करतं आणि गूळ घालूनही ते झाकलं जात नाही. दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, चमचाभर धने. मिक्सरमध्ये आधी खोबरं-धने कोरडे फिरवून मग कांदा, पाणी अगदी चमच्यानं. सगळं एकदम टाकलं की खोबरं जाडसर राहतं आणि ते दळण्यासाठी पाणी ओतावं लागतं.

शुक्रवारचा निम्मा भाग चमचाभर तेलावर कडेनं तेल सुटेपर्यंत परता, गार करा, कोरड्या डब्यात भरा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस काही होत नाही, मात्र ओला चमचा त्यात गेला की झालंच.

खोबरं महाग असेल तर २५ ग्रॅम खोबरं आणि मूठभर डाळं, तेच जे चिवड्यात घालतात. रस्सा तेवढाच दाट येतो. नुसतं शेंगदाण्याचं कूट घातलं तर रस्सा उकळताना तळाला बसतो, सारखा ढवळावा लागतो.

वांगी चिरल्या चिरल्या मिठाच्या पाण्यात. तीन बटाटे वांग्यांच्या फोडींपेक्षा लहान चिरा, म्हणजे दोन्ही एकदम शिजतात. मुलं वांगं खात नाहीत ही घरोघरीची कटकट. त्यांच्या ताटात बटाटा आणि रस्सा वाढा, वाद घालू नका. वेगळी भाजी करायला उभं राहिलं की हिशेब आणि गॅस दोन्ही गेले. आज भात नाही, म्हणून पोळ्या पंधरा.

मटकी: सोमवार रात्र ते बुधवार संध्याकाळ

२०० ग्रॅम मटकीचे मोड आल्यावर साडेचारशे ग्रॅमच्या आसपास होतात. पैशाला एवढं पुरवठ्याला येणारं दुसरं काही मंडईत मिळत नाही.

सोमवारी रात्री नऊला भरपूर पाण्यात भिजत. मंगळवारी सकाळी पाणी पूर्ण काढून, दोनदा धुऊन, चाळणीत पाच मिनिटं निथळू द्यायची. मग ओल्या करून पिळलेल्या सुती फडक्यात सैल गाठोडं. घट्ट बांधलं की आतली मटकी गुदमरते आणि तिला आंबूस वास येतो. गाठोडं डब्यात, झाकण अर्धवट. रात्री एकदा फडक्यावर पाण्याचा हात फिरवायचा. बुधवारी संध्याकाळी अर्ध्या इंचाचे मोड असतात. थंडीत एवढे येत नाहीत. डबा गॅसच्या शेगडीजवळ किंवा नुकत्याच रिकाम्या झालेल्या कोमट कुकरमध्ये झाकून ठेवला तर येतात. उन्हाळ्यात उलट, मंगळवारी रात्रीच मोड तयार होतात. ते लगेच फ्रिजमध्ये, नाहीतर लांब होऊन कडवटतात.

मोड आल्यावर एक काम टाळू नका: गणंग निवडणं. भिजून न फुगलेला, खड्यासारखा कडक राहिलेला दाणा शिजून मऊ होत नाही आणि दाताखाली आला तर महागात पडतो. ताटात पसरून बोटं फिरवली की लगेच हाताला लागतात.

मूठभर मोड शुक्रवारसाठी बाजूला ठेवून बाकीच्याची उसळ. कुकर नको, एका शिट्टीत मोड गळून पडतात. मोहरी-हिंग-हळद-कढीलिंबाची फोडणी, एक कांदा, मटकी परतून वरच्या ताटात पाणी ठेवून वाफ. पाण्याची गरज पडली तर ते ताटातलं गरम पाणीच आत ओतायचं. गार पाणी घातलं की दाणा आकसतो. बोटात दाणा दबला की मग गोडा मसाला, गूळ, मीठ आणि सगळ्यात शेवटी दोन आमसुलं. आमसूल आधी पडलं तर मटकी तासभर कच्चीच राहते, कारण वर डाळीचं सांगितलं तेच. पोळ्या पंधरा.

गुरुवार

बेसन १२५ ग्रॅम म्हणजे एक भरपूर वाटी. त्याला चार वाट्या पाणी. दोन कांदे, चार-पाच मिरच्या, सहा-सात लसूण पाकळ्या, फोडणी नेहमीची. गुठळ्यांची भीती असेल तर पीठ गार पाण्यात कालवून, हाताच्या बोटांनी मोडून घ्या आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात धार धरून ओता, दुसऱ्या हातानं ढवळत. कोमट पाण्यात कालवलं की हमखास गुठळ्या. झाकण घालून बारीक आचेवर पाच-सहा मिनिटं वाफ द्यायची. ती दिली नाही तर पिठलं दिसायला झालेलं असतं आणि चव कच्च्या पिठाची असते. गार होताना ते आणखी घट्ट होतं, म्हणून पळीतून सहज पडेल इतपत पातळ असतानाच उतरवा. सात भाकऱ्या, फोडलेला कांदा, शेंगदाणे घालून ठेचा.

कोकणातल्या कुळथाच्या पिठीचं तंत्र जवळपास हेच. पीठ थोडं कमी लागतं, आमसूल पडतं, आणि भाकरीऐवजी भात. आत्ता जमेल तेव्हा कुळीथ भाजून पाव किलो पीठ करून ठेवलं, तर दोन-तीन गुरुवार सुटतात.

झोपण्याआधी अर्ध्या लिटर दुधाला विरजण लावायचं, शनिवारच्या कढीसाठी. दूध बोट सोसेल एवढं कोमट. कढीला जरा आंबट दहीच हवं, म्हणून शुक्रवारी सकाळी लागलेलं दही शनिवार संध्याकाळपर्यंत ठेवण्यात नुकसान काही नाही.

शुक्रवार, शनिवार

सहा अंडी: मोठ्यांना दोन-दोन, मुलांना एक-एक. फ्रिजमधलं अंडं थेट उकळत्या पाण्यात सोडलं की तडकतं. गार पाण्यातच ठेवून गॅस लावा, उकळी आल्यावर दहा मिनिटं. राखलेलं वाटण, दोन टोमॅटो, तिखट, काळा मसाला, दोन बटाटे. रस्सा उकळून तवंग आल्यावरच सोललेली अंडी चिरा देऊन सोडा. आधी टाकलेली अंडी ढवळताना फुटतात आणि पिवळं रश्श्यात जातं. पाव किलो तांदळाचा भात, अकरा पोळ्या. कोबीचा तिसरा हिस्सा बारीक चिरून, राखलेले मोड आणि टोमॅटो घालून, लिंबू पिळून पचडी. अंडं न खाणाऱ्या घरी याच वाटणात पांढऱ्या वाटाण्यांची उसळ. २०० ग्रॅम वाटाणे गुरुवारी रात्री भिजवायचे, अंड्यांपेक्षा पैसे कमीच लागतात.

शनिवारी ३०० ग्रॅम तांदूळ, १५० ग्रॅम मूगडाळ, उरलेला कोबी, दोन बटाटे, मूठभर शेंगदाणे. सगळ्याच्या अडीचपट गरम पाणी, मुलांना आसट लागत असेल तर तिप्पट. दही घुसळून लिटरभर ताक होतं; त्यात दीड चमचा बेसन आधी गुठळी न ठेवता मिसळायचं. कढी फुटते ती दोन कारणांनी: बेसन कमी पडलं, किंवा गॅस मोठा ठेवून ढवळणं सोडलं. गरम होईपर्यंत हात थांबवायचा नाही आणि कडेला बुडबुडे दिसले की खळाळू न देता उतरवायची. मीठ उतरवल्यावर. पापड भाजून, तळून नाही. सातव्या दिवशी तेलाच्या बाटलीत तेवढं उरलेलंच नसतं.

पोळ्या मोजून, भात वेळेत

वर पोळ्या-भाकऱ्यांचे आकडे दिलेत ते उगीच नाहीत. एका पोळीला ३५ ग्रॅम पीठ धरून चार रात्रींच्या ५२ पोळ्या, म्हणून १ किलो ८०० ग्रॅम. 'चार जास्त होऊ देत' म्हणून रोज चार वाढवल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त पीठ जातं, आणि त्या पोळ्या दुसऱ्या दिवशी कुणी खात नाही.

हिशेब फसण्याचं सगळ्यात मोठं, आणि कुणी न धरलेलं, कारण सकाळचा डबा. रात्रीची उसळ सकाळी डब्यात जाते, मग रात्री ती कमी पडते, मग ऐन वेळी काहीतरी वाढीव होतं. डब्याला रात्रीची भाजी द्यायची असेल तर ती वाढण्याआधी वेगळ्या वाटीत काढा आणि तिचे पैसे डब्याच्या खात्यात धरा. एका माणसाच्या डब्याला चौथा हिस्सा जास्त शिजवायचा, अंदाजपंचे 'थोडं जास्त' नाही.

भात उरलाच तर दोन तासांच्या आत, पसरट डब्यात, फ्रिजमध्ये. शिजवल्यावरही तग धरणारे जंतू भातात असतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. सकाळच्या फोडणीच्या भातात कितीही परतला तरी ते विष जात नाही. शिळी पोळी मात्र बिनधास्त: हातानं कुस्करा, कांदा-मिरचीची फोडणी द्या, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा.

भाव चढला की

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला १०० च्या वर गेला होता, डिसेंबर २०१९ मध्ये कांदा. अशा वेळी पदार्थ बदलायचा नसतो, आंबटपणा कुठून येतो ते बदलायचं. दोन टोमॅटोंच्या जागी लिंबाएवढी चिंच किंवा तीन-चार आमसुलं, चैत्र-वैशाखात कैरीची फोड. कांदा महागला तर वाटणाचा रस्सा त्या आठवड्यापुरता विसरा. चिंच-गुळाच्या आमटीला आणि पीठ पेरलेल्या कोबीला कांदा लागतच नाही. पिठल्यात कांद्याऐवजी लसूण दुप्पट.

पावसाळ्यात मेथी-पालक महाग असतो, वर चिखलानं भरलेला. तेव्हा रविवारी लाल भोपळा आणि सोमवारी दुधी. दोन्ही आठवडाभर टिकतात, त्यामुळे क्रमाची कटकटही कमी. दुधीची सालं तीळ आणि मिरची घालून परतून वाटली की चटणी, दोन रात्री पुरते.

प्राधान्य गटाची शिधापत्रिका असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. वरच्या यादीतल्या गव्हाचं फक्त दळण उरतं, तांदळाचे पैसे उरतच नाहीत. मिळून सव्वाशेच्या जवळपास सुटतात. त्या पैशांत दुसरी सहा अंडी आणि आणखी थोडं कडधान्य बसवावं, कारण धान्य पोट भरतं पण मुलांच्या ताटात डाळ-अंडंच कमी पडत असतं. रेशनचा तांदूळ जाड आला तर खिचडीला थोडं जास्त पाणी घाला.

राहिले ते ७३ रुपये. शनिवारपर्यंत शिल्लक असतील तर त्यांची पुढच्या आठवड्याची भाजी आणू नका. अर्धा किलो तूरडाळ, किंवा पाव किलो मटकी आणि पाव किलो शेंगदाणे, असं कोरडं काहीतरी आणून फडताळात टाका. चार आठवड्यांत तिथे एवढं साठतं की एखाद्या रविवारी पावसामुळे बाजार भरलाच नाही, तरी नुसत्या कांद्या-बटाट्यावर आठवडा निघतो.